देवाचं लाळेरं

अत्यंत महत्त्वाची सूचना. सर्व सुज्ञ, अज्ञ आणि मधल्या लोकांना कळवण्यात येते की, जपानमधल्या एका डोंगराळ तालुक्यात, भर दुपारी, हात स्वच्छ धुऊन आणि अंतःकरण शुद्ध ठेवून, आम्ही उभयतांनी एका देवाला लुबाडले. प्रकरण पोलिसांत गेलेले नाही. ज्यांचे नुकसान झाले ते गृहस्थ आमच्या खालच्या मजल्यावर राहतात आणि आजही जिन्यात भेटले की पूर्वीइतकेच वाकून नमस्कार करतात. त्यांनी एकदा तरी शिवी हासडावी म्हणून मी कित्येक महिने वाट पाहतो आहे.

आम्ही नेदरलँड्समधल्या बुइटनव्हेल्डर्टला राहतो. खालचे आजोबा नोकरीसाठी जपानहून आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. माझी बायको त्यांना 'आजोबा' म्हणते आणि ते मला 'बुर्मन', म्हणजे डचमध्ये शेजारी. आमचं संभाषण मोडक्या डचमध्ये आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत चालतं. इथे ते मराठीत देतो, त्यामुळे आम्ही सगळेच आहोत त्याहून हुशार वाटू.

आम्ही जपानला निघालोय हे कळल्यावर ते वर आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि बराच वेळ चहाची स्तुती करत राहिले. चहा वाईट झाला होता, त्यामुळे काहीतरी मागायचंय हे माझ्या लक्षात आलं.

"आमचं गाव तुमच्या वाटेत नाही," ते म्हणाले. "पण फार लांबही नाही."

गावाबाहेर ओढ्याकाठी एक दगडी जिझो आहे. जिझो म्हणजे मुलांना आणि वाटसरूंना सांभाळणारा देव. गुडघ्याएवढा, टक्कल, डोळे मिटलेले. आजोबांचा मोठा भाऊ तान्हा असतानाच गेला होता. तेव्हापासून त्यांची आई दरवर्षी लाल कापडाचं लाळेरं शिवून त्या देवाच्या गळ्यात बांधायची. नव्वदीपर्यंत बांधलं. मग ती गेली, आणि तिचं शेवटचं लाळेरं तिथेच राहिलं. आजोबांना हृदयाचा त्रास, डॉक्टरांनी विमानप्रवास कायमचा बंद केलेला.

"एक फोटो," ते म्हणाले. "जवळून. तिच्या हाताचं दुसरं काही माझ्याकडे नाही."

यात न समजण्यासारखं काय होतं? काहीही नाही. शेंबड्या पोरालाही समजलं असतं. पण ते खाली गेले आणि दार लागताच बायको कळवळून म्हणाली, "अहो, म्हणजे इतकी वर्षं त्या देवाला कुणी नवीन वस्त्रच दिलं नाही?"

आणि मी, दोन पदव्या घेतलेला इसम, म्हणालो, "अरेरे!"

तिने कपाटातून लाल खणाचा ब्लाउजपीस काढला. जरीचा काठ आजोबांना आवडेल यावर आमचं एकमत झालं. अस्तर लावलं, बंद शिवले, कडेला मोती लावले. मी "सोवळ्यातलं लाळेरं!" असा विनोद केला आणि आम्ही खूप हसलो. आजोबांना काही सांगायचं नाही, फोटोतच दाखवायचं, ही कल्पना माझी. नाट्यमयतेचा मला लहानपणापासून सोस.

तो तालुका म्हणजे देव भरपूर आणि माणसं संपत आलेली. बस दिवसातून दोनदा. एका देवळाच्या पायऱ्यांलगत इतके उंच देवदार की वर पाहताना माझी टोपी पडली. पुजारी तिथे महिन्यातून एकदा येतो म्हणे. शेताच्या बांधावर, ओझी वाहून मेलेल्या घोड्यांसाठी उभारलेला एक दगड. पाटीवर 'किल्ला' वाचून आम्ही धापा टाकत डोंगर चढलो, तर वर नुसतं गवत आणि आणखी एक पाटी. "सह्याद्रीत निदान एक पडका बुरूज तरी दाखवतात," मी म्हणालो. "तुम्ही तिथे तरी कधी चढलात?" बायको म्हणाली. बंद पडलेल्या शाळेच्या ओट्यावर बसून आम्ही ठेपले खाल्ले. फार सुखात होतो.

जिझो सापडला. लाकडी छपराखाली, ओढ्याला तोंड करून. गळ्यातलं लाळेरं रंग उडून उडून जवळजवळ पांढरं झालेलं, एका कोपऱ्यात तेवढी लाली उरलेली.

"बिचारा," बायको म्हणाली.

गाठ सुटेना. पावसापाण्याने ती दगडासारखी झाली होती. शिवणाच्या डबीतली कात्री काढून मी ती कापली. मी कापली, हे नोंदवून ठेवतो, कारण आमच्याकडे या गोष्टीची चर्चा निघाली की 'मी कापली'चं 'कापली गेली' होतं. देवाला आंघोळ घातली, नवीन वस्त्र बांधलं, उदबत्ती लावली. जरी उन्हात अशी चमकली की बायकोने हात जोडले.

जुन्याचं काय करायचं? आता हे सांगायला हवं की नेदरलँड्समध्ये आल्यापासून आमच्या घरचं निर्माल्य भाज्यांच्या सालींबरोबर कचऱ्यात जातं. कालव्यात काही टाकायची सोय नाही. दर गणपतीत बायको ती पिशवी हातात धरून खिडकीशी उभी राहते आणि मग मान फिरवून डब्यात सोडते. इतक्या वर्षांनी तिला समोर वाहतं, स्वच्छ पाणी दिसलं होतं.

"देवाच्या अंगावरचं आहे," ती म्हणाली. "निदान हे तरी रीतसर होऊ दे."

तिने लाळेऱ्यावर दोन तांदूळ आणि एक रानफूल ठेवलं आणि ते ओढ्यात सोडलं. दगडाला एकदा अडकलं. मी काठीने मोकळं केलं. हेही मीच.

तेवढ्यात एक म्हातारी शेतकरीण वाटेने आली. तिने देवाकडे पाहिलं, तोंडावर हात ठेवला, मग आम्हाला वाकून नमस्कार केला आणि झपाझप निघून गेली. "भारावली," मी म्हणालो.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही खाली गेलो. बायकोने नारळाच्या वड्या नेल्या. मी टॅबलेट छातीशी धरून पडदा उघडतात तसा बाजूला केला. आजोबांनी चष्मा पुसला. पाहिलं. जरीचा काठ, मोती, धुतलेला चकचकीत दगड. त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि गळ्याच्या कडेला काहीतरी शोधत राहिले.

"फार सुंदर," ते म्हणाले. "तुम्ही फार कष्ट घेतलेत. आमच्याकडेही नवीन असंच जुन्याच्या वरून बांधतात. म्हणजे आईचं याच्या आत आहे."

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. इतका आनंदी मी त्यांना कधी पाहिला नव्हता. "आतल्याचा फोटो पुढचा आहे का?"

आयुष्यभर लोकांना गोष्टी सांगून हसवलेला माणूस मी. तिथे मला चार वाक्यं जुळवता येईनात. गाठ, कात्री, ओढा. वाहतं पाणी आमच्याकडे किती पवित्र मानतात हेही सांगितलं, ते तर सांगायलाच नको होतं. त्यांनी मान हलवली. टॅबलेट नीट टेबलावर ठेवला, कडेला समांतर. उठले, चहा ओतला, दोन्ही हातांनी आधी बायकोपुढे कप ठेवला, मग माझ्यापुढे. वडी घेतली, खाल्ली, छान आहे म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

मग ते बायकोकडे वळले. ती शिवते हे त्यांना माहीत होतं.

"ताई, तुम्ही ते हातात घेतलं होतंत," ते म्हणाले. "शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं, तरी सुईत दोरा दुसऱ्या कुणाला ओवू द्यायची नाही. टाके कसे होते? सरळ होते, की वाकडे झाले होते?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. आणि समोरच्या माणसाला मराठीचं अक्षर कळत नाही हे विसरून ती मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, मी बघितलंच नाही हो!"