तुकड्याला आराम

अमरावतीत आमच्या समोरच्या गच्चीवर दर रविवारी एक गृहस्थ स्टेक करतात. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. आवाज मात्र साऱ्या गल्लीच्या ओळखीचा आहे. घरातल्या चुलीला मटण चालत नाही, म्हणून शेगडी गच्चीवर. पाण्याच्या टाकीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये बघत ते बोकडाच्या मांडीचा जाड काप तव्यावर टाकतात, अंगठ्यानं दाबतात आणि नाडी पाहिल्यासारखी गंभीर मान हलवतात.

"अवं, मीठ आन!" म्हटलं की बायको जिना चढून येते. मग लोण्यासाठी हाक, मग चिमट्यासाठी, मग ताटासाठी. एवढ्या सोहळ्यात त्यांचे स्वतःचे पाय काही जागचे हलत नाहीत.

परवा तुकडा ताटात काढून त्यांनी मला हात केला. "आता लगेच कापाचं नाही, भाऊ. सारा रस निघून जाते. एवढी आग सोसली त्यानं, त्याले आराम लागते."

बायको कठड्याला धरून दम खात होती. म्हणाली, "मंग त्याच्या बाजूले मीबी बसू काय जरा?"

"बस ना," ते मोठ्या मनानं म्हणाले, "पहिले खालून लिंबू घेऊन ये."