तिकीट ठाण्याचं, उतरलो कल्याणला

घाट उतरून गाडी कल्याणला थांबली तेव्हा माझ्या खिशात ठाण्याचं तिकीट होतं. तरी मी वळकटी उचलली आणि उतरलो. फाटकावरच्या तिकीट कलेक्टरनं तिकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"ठाणं पुढं आहे."

"माहीत आहे," म्हटलं.

आमच्या घाटावरच्या गावातून मुंबईला जाणारी माणसं कल्याण, डोंबिवली, ठाणं ही नावं खिडकीतून वाचतात आणि पुढं जातात. मी तिथं तीन दिवस हिंडलो, बहुतेक पायीच. थोडक्या खर्चात कसं हिंडावं असं कोणी विचारलं, तर सांगतो. धर्मशाळेत उतरावं, हमाल जेवतात तिथं जेवावं, आणि जायचं तिथं पोचायची घाई करू नये. यातली शेवटची गोष्ट मी भित्रेपणापायी केली, हे आधीच सांगून टाकतो.

ठाण्यात मला दानियलला भेटायचं होतं. दानियल बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कोकणात राहून मराठी बोलणारे यहुदी, त्यांच्यातला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. चौदा वर्षांपूर्वी आम्ही दोघं आमच्या गावच्या तारघरात बरोबर काम करत होतो. त्याचं कार्ड आलं होतं : 'महिनाअखेर आम्ही सगळे बोटीनं इस्राएलला जातो. परत येणं नाही. जमलं तर भेटून जा.' तो जाण्याआधी मला त्याच्यापुढं एक कबुली द्यायची होती.

धर्मशाळेत वळकटी टाकली आणि खाडीवरच्या बंदरावर गेलो. भरती होती. कौलांनी भरलेले मचवे धक्क्याला लागले होते आणि कोकणी मुसलमान खलाशी ती हातोहात उतरवत होते. त्यांची मराठी माझ्यापेक्षा मऊ. पलीकडे एक गुजराती व्यापारी छत्री मिटून तिच्यानंच कौलं मोजत होता. मी बराच वेळ उभा राहिलो. कोणी हटकलं नाही, कोणी विचारलंही नाही. परक्या गावाचं हे सुख पहिल्या तासाभरात संपतं.

दुपारी निर्वासितांच्या छावणीकडे चालत गेलो. लष्कराच्या जुन्या बराकी, मध्ये गोणपाटाचे पडदे, आणि एकेका बराकीत कितीतरी चुली. एका दारात बाई पापड लाटत होती आणि तिचा नवरा ते खाटेवर वाळत घालत होता. मी पाहत थांबलो, तर त्यानं न विचारता मला बसवलं आणि पापड भाजून पाण्याच्या पेल्याबरोबर पुढं केला. सिंधी माणसाच्या दारी आलेल्याला आधी पापड-पाणी, मग नाव-गाव.

"किसको ढूँढते हो, साईं?"

"किसीको नहीं."

तो हसला. "यहाँ जो आता है, किसीको ढूँढता है." त्याचा धाकटा भाऊ येताना कराचीच्या बंदरावर चुकला होता. डाव्या कानाची पाळी तुटलेली. तुमच्या गावाकडे असा कोणी आला का, म्हणून त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. गावाचं नाव मात्र त्यानं दोनदा वदवून घेतलं. 'किसीको नहीं' हे मी खोटं बोललो होतो आणि तो खरं बोलत होता. त्याच्या हातचा पापड खाताना मला ते फार बोचलं.

ते बोचणं इथंच उतरवतो. तारघरात शनिवारची पाळी दानियलची आणि रविवारची माझी. पण शनिवारी त्यांच्यात काम वर्ज्य. म्हणून आम्ही आपसांत ठरवलं होतं, शनिवारी मी बसायचं आणि रविवारी तो. पत्रकात पाळ्या होत्या तशाच राहत. शनिवारी आलेल्या तारेवर मी त्याची सही ठोकत असे, रविवारी तो माझी. वरच्या कोणाला पत्ता नव्हता. अशाच एका शनिवारी सकाळी यमुनाबाईची तार आली. आमच्या मागच्या गल्लीतली ही बाई, नवरा मुंबईला गिरणीत. 'अत्यवस्थ. लगेच निघा.' शिपाई बाहेर गेला होता. मी तार खणात ठेवली आणि स्टेशनमास्तरकडे पत्ते खेळायला गेलो. विसरलो. रविवारी दानियलला ती सापडली आणि त्यानं त्या क्षणी पोचती केली. यमुनाबाई मुंबईला पोचली तेव्हा स्मशानातून माणसं परतली होती.

चौकशी झाली. पाळी दानियलची, सही दानियलची. साहेबानं विचारलं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर होतो. दानियल काही बोलला नाही. मीही नाही. त्याची नोकरी गेली आणि तो बायकामुलांना घेऊन ठाण्याला निघून गेला. मी त्याच खुर्चीवर राहिलो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ठाण्याच्या गाडीत बसलो आणि डोंबिवलीला उतरलो. डोंबिवली म्हणजे तेव्हा स्टेशनच्या दोन्ही अंगांना भातखाचरं, थोड्या चाळी, थोड्या बंगल्या आणि पुष्कळ विहिरी. एका काकूंच्या खानावळीत जेवायला बसलो. पंगतीत सगळे मुंबईत कारकुनी करणारे, बहुतेक कोकणातले.

"जागा बघायला आलात?" काकूंनी आमटी वाढता वाढता विचारलं.

"नाही."

"मग डोंबिवलीत माणूस येतो कशाला?"

"काकू, पाहुणे हवा खायला आले असतील," एकजण म्हणाला.

"खातील हवा. तोवर डास त्यांना खातील."

सगळे हसले, मीही हसलो. पंगतीत प्रत्येकाच्या तांब्यावर नाव कोरलेलं होतं. मला बिननावाचा मिळाला. जेवण झाल्यावर ते आपापले तांबे पालथे घालून बोलत बोलत गेले, आणि मी एकटाच बसून पुन्हा पाणी मागितलं. दिवसभर खाचरांच्या बांधांवरून फिरलो. एका बांधावर चपलेचा अंगठा तुटला. चांभार शोधला, तो जत्रेला गेला होता. रात्री काकूंच्या ओटीवर झोपलो. डासांचं त्या खरं बोलल्या होत्या.

शनिवारी सकाळी मुंब्र्याला उतरून कळव्याकडे पायी निघालो, एक चप्पल पायात आणि एक हातात. खाडीच्या कडेनं मिठागरं उन्हात पांढरी पडली होती. एक आगरी बाई लाकडी फावड्यानं मीठ ओढत होती.

"चप्पल हातान घेऊन कंच्या गावाला चाल्लाव, दादा?"

"ठाण्याला."

"तं मंग आगीनगारी हाय ना." (आगगाडी आहे की.)

"मला उशिरा पोचायचंय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कवाचा उशीर करशीव? संध्याकालपरत थांबशीव तं भरती येल, यो बांध नाय दिसाचा." एवढं बोलून तिनं माझी चप्पल ओढून घेतली, पदराच्या गाठीतला काथ्या काढला आणि अंगठा बांधून दिला. बैलाच्या वेसणीला मारतात तसली गाठ होती ती. मी दोन शब्द आभाराचे बोललो, तोवर ती वळून कामाला लागली होती.

कळव्याचा पूल ओलांडून ठाण्यात शिरलो. तळ्याच्या काठानं, पत्ता विचारत, दानियलच्या घराशी आलो तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "सगळी मशिदीत गेलीत." ठाण्याचे बेने इस्राएल आपल्या प्रार्थनालयाला मशीद म्हणतात. तिथं पोचलो, आतून प्रार्थनेचे सूर आले, आणि तेव्हा कुठं लक्षात आलं की आज शनिवार. कित्येक वर्षं मी त्याच्यासाठी हा वार सांभाळला होता, आणि नेमका तोच विसरून आलो होतो.

दानियल बाहेर आला. पांढरी टोपी, दाढी पिकलेली. मला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

"विष्णू," तो म्हणाला, "आज तर तुझी पाळी."

घरात खोलीभर ट्रंका होत्या. रिबेकावहिनींनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. "भावजी, हा कासरा कुठून बांधून आणलात?" चूल पेटवायची नव्हती. कालच करून ठेवलेला नारळाच्या दुधातला भात आणि भाजी त्यांनी वाढली. जेवताना त्या नवऱ्याला सहज म्हणाल्या, "संध्याकाळी सगळे खण पुन्हा बघायचेत. तुमच्या हातून खणात काय राहील नेम नाही. एक तार राहिली आणि आम्ही देशोधडीला लागलो." त्यांची मोठी मुलगी जेवता जेवता हसली. घरातली ती जुनी थट्टा असावी.

मी दानियलकडे पाहिलं. तो भात कालवत होता.

तेव्हाही मी बोललो नाही. चौदा वर्षांपूर्वी साहेबासमोर गप्प होतो, आता त्याच्या बायकोसमोर. दुपारभर त्यांच्या ओटीवर बसलो. येणारे-जाणारे निरोप घ्यायला येत होते, रडत होते, एकमेकांना पत्रं लिहायची आठवण करून देत होते. माझ्याशी सगळे चांगलं वागले.

आकाशात तारे दिसले, शनिवार संपला. मग मलिदा केला. प्रवासाआधी एलियाहू पैगंबराच्या नावानं ते गूळ-खोबऱ्याचे पोहे आणि फळं ताटात मांडतात, प्रार्थना म्हणतात आणि सगळ्यांना वाटतात. वहिनींनी माझ्या हातावर पोहे ठेवले. ते तोंडात घालवेनात.

"वहिनी," मी म्हणालो, "ती तार माझ्या हातून राहिली. तो शनिवार होता. यांच्या जागी मी होतो."

मुलगी थांबली. वहिनींनी ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? शनिवारी मी जागेवर नव्हतो असं? साहेबानं मग पनवेल, पेण, अलिबाग सगळीकडची पत्रकं काढली असती. आपली माणसं अशीच अदलाबदल करून शनिवार पाळत होती. माझ्या एकट्याची नोकरी गेली. तोंड उघडलं असतं तर सगळ्यांचे शनिवार गेले असते." मग माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "तुझ्यासाठी गप्प नव्हतो बसलो, विष्णू."

चौदा वर्षं मी समजत होतो की त्यानं मला वाचवलं. त्या हिशेबात मी नव्हतोच.

"आणि इतकी वर्षं मी तुम्हांला बोलले," वहिनी म्हणाल्या, "ते सगळं आता कुठं ठेवू?"

"ट्रंकेत जागा नाही," दानियल म्हणाला.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही.

सकाळी दानियल स्टेशनपर्यंत आला. गाडीला वेळ होता.

"यमुनाबाई आहे अजून?"

"आहे. मागच्याच गल्लीत. संक्रांतीला तिळगूळ पाठवते."

"तिला सांगितलंस?"

मी वळकटीची दोरी आवळली.

"मग इतक्या लांब माझ्याकडे कशाला आलास?" तो रागावला नव्हता. खरंच विचारत होता. गाडी आली तेव्हा त्यानं वळकटी आत दिली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. नंतर तिकडून त्याचं एक पत्र आलं. पुढं तेही नाही.

परतताना कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण ही नावं पुन्हा खिडकीतून वाचली. आता प्रत्येक नावाशी एक माणूस होता, आणि त्या प्रत्येकानं मला कोणाकडे, कशाला, कुठं हेच विचारलं होतं. त्या बाईनं बांधलेली गाठ अजून सुटली नव्हती.

गावी उतरलो आणि घरी न जाता मागच्या गल्लीत गेलो. यमुनाबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"चार दिवस दिसला नाहीत," ती म्हणाली. "बसा, चहा टाकते."

"चहा राहू द्या. आधी ऐका."

मी सगळं सांगितलं. पत्त्यांच्या खेळाचंही सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. माझं संपल्यावर तिनं विचारलं,

"किती वाजता आली होती तार?"

"सकाळी सव्वादहाला."

तिचे हात थांबले. "साडेअकराची गाडी होती," ती म्हणाली.

मग ती सूप घेऊन आत गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. थांबा असं ती म्हणाली नव्हती, आणि जा असंही म्हणाली नव्हती.