गंगाफळावरचा पहिला विळा

सुनंदाबाईंवर मी नऊ वर्षांत एकदाच ओरडले, तेही फोनवर. ते एकदाचं ओरडणं मला अजून छळतं.

मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका. अमळनेरहून धुळ्याकडे जाताना लागणाऱ्या गावांतल्या चोवीस अंगणवाड्या माझ्याकडे. त्यांतल्या एकीच्या सेविका सुनंदाबाई. बुटक्या, सावळ्या, आवाज असा की गल्लीच्या टोकाची पोरं नुसत्या हाकेवर अनवाणी धावत यायची. कुणाला भातात डाळ कालवलेली चालत नाही, कोण पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलतं, सगळं त्यांना तोंडपाठ. कागदपत्रांत मात्र आनंदीआनंद. मी टोमणे मारायचे, त्या हसायच्या.

त्यांची सगळ्यात लाडकी रोशनी. तीन वर्षांची, वजन नऊ किलो दोनशे, म्हणजे आमच्या भाषेत लाल रंगातली, तीव्र कुपोषित. घरी कुणी भरवलं तर तोंड घट्ट मिटायची. सुनंदाबाईंच्या हातून मात्र वाटीभर खिचडी खायची. सहा महिन्यांत तिचं वजन जे थोडंफार वाढलं, ते या एका हातामुळे.

त्या ऑक्टोबरात वरून 'शरद ऋतूतील उपक्रम' असा कागद आला. भोपळा उचला, हलका की जड सांगा, फोडा, बिया मोजा, एकेक बी लावा. चित्रातला भोपळा नारिंगी, डोळे-तोंड कोरलेला. कुठल्या मुलखातून उचलला होता देव जाणे! आमच्याकडे गंगाफळ म्हणतात ते असतं हिरवं, चपटं, अंगावर पिवळे डाग. पण उपक्रम चांगला होता, हे मी आजही म्हणेन. फोटो मात्र बारा वाजायच्या आत पाठवायचा होता.

साडेअकराला सुनंदाबाईंचा फोन. "मॅडम, गडी माणूस कोनी नही शे. बठ्ठा वावरमां गयात."

पुरुष सगळे शेतात गेलेले, आणि आमच्या भागात अख्खं गंगाफळ बाई फोडत नाही. ते घरातल्या थोरल्या मुलासारखं मानतात, बाईनं फोडलं तर लेकराच्या जिवावर येतं म्हणतात. पहिला विळा गड्यानं घालायचा, मग बाईनं हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. हे मला माहीत नव्हतं थोडंच? माझ्याही घरी पहिला विळा आमचे मिस्टरच घालतात. पण तेवीस फोटो आले होते आणि चोविसाव्यासाठी मला वरून फोन येत होते.

"गडी कशाला हवाय? शिकलेल्या बाया ना आपण? विळा उचला, नाहीतर नोटीस काढीन!" मी खेकसले.

बारा वाजायला पाच मिनिटं असताना फोटो आला. सुनंदाबाईंच्या हातात विळा, समोर दोन शकलं, पोरं बियांवर तुटून पडलेली. रोशनीच्या मुठीतून गर ओघळतोय. आणि कोपऱ्यात दाराशी तिची आई मोनाली, सातवा महिना लागलेली, लेकीला न्यायला आलेली.

सोळा दिवसांनी मोनालीचं बाळ पोटातच गेलं. मुलगा होता.

फोटो मीच गावच्या ग्रुपवर टाकला होता, कौतुक म्हणून. आता तोच मोबाइलवरून मोबाइलवर फिरायला लागला. मोनालीची सासू, द्वारकाक्का, पारावर बसून तो दाखवायची. "देखा, पोटुशी बाईना समोर फोडं. तिना हातनं व्हयनं!"

पटावर एकतीस पोरं होती, चार यायला लागली. रोशनी त्यांत नव्हती.

मी गावात बैठक घेतली. गर्भ का दगावतो, रक्त कमी असलं की काय होतं, सगळं सांगितलं. बाया माना खाली घालून ऐकत होत्या. शेवटी म्हणाले, "विळा घालायला मी सांगितलं होतं. काय बोलायचं ते मला बोला."

"तुम्ही सांगं," द्वारकाक्का शांतपणे म्हणाली, "पन हात त्या बाईना."



सुनंदाबाई रोज डबा घेऊन मोनालीच्या दाराशी जायच्या. दार लोटलं जायचं, डबा तसाच परत यायचा. डिसेंबरात नर्सबाईंना मध्ये घालून रोशनीचं वजन केलं, आठ किलो सातशे. मी सुनंदाबाईंना म्हटलं, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे सगळं खूळ आहे."

त्या अंगणवाडीमागच्या परसात एका वेलाला पाणी घालत होत्या. त्या दिवशी पोरांनी कपांत बिया लावल्या होत्या. रोशनीची तेवढी तग धरून होती, ती त्यांनी तेव्हाच तिच्यादेखत जमिनीत लावली होती. पाणी घालता घालताच म्हणाल्या, "माले बी वाटस मॅडम. मनाच हातनं व्हयनं."

त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. माझ्या घरी पहिला विळा कोण घालतं हे तेव्हा सांगायला हवं होतं, निदान दोघी बरोबरीच्या झालो असतो. माझी हिंमत झाली नाही.

फेब्रुवारीत वेलाला एकच गंगाफळ पिकलं. सुनंदाबाईंनी ते तोडलं नव्हतं. वजनाच्या दिवशी मी तिथे असताना मोनाली रोशनीला कडेवर घेऊन आली. मागून द्वारकाक्का ओरडत येत होती, चार बाया तमाशा बघायला. काट्यावर आठ किलो तीनशे भरले. पोरीचे पाय काडीसारखे झाले होते.

"उद्याच धुळ्याला दवाखान्यात न्यायला लागेल," मी म्हटलं.

रोशनीनं परसातल्या आपल्या वेलाकडे बोट केलं. "मनं," ती म्हणाली.

मोनालीनं तिला माझ्याकडे दिलं. सरळ परसात गेली, गंगाफळ तोडलं, चुलीपाशी पडलेला विळा उचलला. द्वारकाक्का किंचाळली, "वं माय, काय करी ऱ्हायनी? एक गया, आते रोशनी शे ना अजून!"

"म्हनीसनच फोडस," मोनाली म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी विळा घातला. एका घावात झालं नाही, तीन घातले. सुनंदाबाई भिंतीला टेकून तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. मोनालीनं एक फोड काढली आणि त्यांच्यासमोर धरली. त्या हात पुढे करेनात, तेव्हा तिनं त्यांचं मनगट धरून फोड तळहातावर ठेवली.

"रांधा अक्का," ती म्हणाली. "तुमना हातनंच जेवस ती."