म्हाताऱ्याचा डावा हात

"डावा. गडबडीत पोरांनी दोरी डाव्या हाताला बांधली, तितंच तर समदी गंमत हाय," सारजा म्हणाली.

"उजवा व्हता," बिरू म्हणाला. "डाव्या हातानं आशीर्वाद देत्यात व्हय कुठं?"

सणसरच्या सारजा आणि बिरूचं हे भांडण लग्नापासूनचं. लहानपणी दोघांनी एकाच जत्रेत, एकाच तंबूत एक सिनेमा बघितलेला. त्यात नातीच्या लग्नादिवशीच घरचा म्हातारा मरतो. वऱ्हाड दारात. मग पोरं त्याला फेटा, काळा चष्मा चढवून खुर्चीत बसवतात, मनगटाला दोरी बांधतात आणि मागं लपून ओढतात. पाया पडंल त्याला आशीर्वाद. एक पाहुणा तर मेलेल्याशी पोटभर गप्पा मारून म्हणतो, लई ऐकून घेणारा माणूस.

सारजेनं हा सिनेमा शिवारभर सांगितला. डावा आशीर्वाद बघून विहीणबाई फुगते, तितं ती स्वतःचा डावा हात असा लुळा उचलायची, की खुरपणीच्या बाया सरीतच लोळायच्या. तेवढ्यात बांधावरनं बिरू वरडायचा, "उजवा." झालं, मुसळ केरात.

आज सून स्वरालीला तो सिनेमा मोबाईलवर गावला. सारजा बायांना सांगूनच घरी आली, "खोटी ठरले तर पुन्यांदा सांगायची न्हाय."

भाकरी ताटात तशीच. फेटा आला, चष्मा आला. सारजा मांडी थोपटत पुढचं बोलणं आधीच म्हणत होती. दोरी ताणली. हात उठला.

उजवा. आणि विहीण फुगली ती टाळक्यात तो हात आदळला म्हणून.

"आता बोल," बिरूनं मिशीवरनं हात फिरवला. "कुठल्या तंबूत व्हतीस?"

सारजा म्हणाली, "त्याच. मशिनीचा उजेड समोरनं डोळ्यात घुसायचा, अजून ध्यानात हाय."

"खुळी का काय? मशीन पाठीमागं व्हतं."

स्वरालीनं सिनेमा थांबवला. "मामा, बाया कुठं बसायच्या?"

"पडद्याच्या पल्याड," बिरू बोलून गेला, आणि घास हातातच राहिला.

स्वरालीनं खिळ्यावरचा आरसा काढून मोबाईलपुढं धरला. आरशात म्हाताऱ्यानं डावा हात उचलला.

"बघा, बघा," सारजा उठून उभीच राहिली. "पाटीवरची अक्षरंबी उलटी. आमाला वाचाया येत असतं तर तवाच कळलं असतं."

"पर सिनेमा उजवाच," बिरू पुटपुटला.

"तुमच्या अंगाला, पडद्याच्या अल्याड."

भाकरीची चवड फडक्यात गुंडाळून ती तरातरा उसाकडं निघाली. बाया वाटच बघत होत्या. "आत्या, कुठला निघाला?"

"माना खाली घाला, सांगते." सारजा सरीत बसली. उजव्या हातात खुरपं होतं. हरळीच्या मुळाखाली तिनं ते घातलं, आणि डावा मोकळा सोडला.