दाबलेल्या व्हिडिओतलं पिल्लू

मी चौथीपर्यंत शिकलो. पण धानात काय बसलं आहे, हे मला मोबाईलनं सांगायची गरज कधी पडली नव्हती. गेल्या कापणीला पडली.

शेजाऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सारसाचं पिल्लू होतं, अजून न उडणारं. सकाळी सुनेनं आमच्या दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, व्हिडिओ काढून शेजाऱ्याला पाठवला. तो पाहूनही शेजारी हार्वेस्टर घेऊन आला. आज कापलं नाही तर यंत्र पुढच्या गावी, केशोरीकडं, जाणार होतं.

"काकाजी, याच्यात पिल्लू कुठं हाय? दोन मोठे पक्षी अन् खाली नुसता पिवळा गाळ. धुऱ्याचा राग काढून राहिले काय?" शेजारी मोबाईल पुढं करून म्हणाला.

धुऱ्याचं भांडण जुनं आहे आणि त्यात मीच खरा आहे. पण ते वेगळं. मी पाहिलं, तर पिल्लू खरंच दिसेना.

सून गावात ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवते. ती म्हणाली, "मामाजी, पाठवताना मोबाईल व्हिडिओ दाबून लहान करते. जे बारीक हाय, हलत नाही, ते कोणाला कळणार नाही म्हणून गाळून टाकते."

सारसानं इशारा केला की पिल्लू मातीला चिकटून निपचित बसतं. कोल्ह्यापासून वाचवणारी हीच युक्ती इथं त्याच्या जिवावर उठली होती.

मूळ व्हिडिओ सुनेच्या मोबाईलमधल्या मेमरी कार्डात होता, पण मोबाईलला कार्ड उघडेना. 'कार्ड खराब आहे, साफ करू?' असं विचारू लागला.

"दाबा ना हो!" शेजारी म्हणाला.

मी मोबाईल हिसकावून घेतला. "तुले तर साफच पाहिजे!"

सून कार्ड घेऊन दुकानाकडं निघाली. "कार्डात व्हिडिओच्या प्रत्येक तुकड्यासंगं थोडं जास्तीचं लिहून ठेवलं असते, मामाजी. काही मिटलं तर त्याच्यावरून जुळते. लय मिटलं असन, तर नाही."

धानाच्या रोवणीत आम्ही एका जागी दोन-तीन परे, म्हणजे रोपं, लावतो, एक मेला तरी जागा रिकामी राहू नये म्हणून. कार्डवाल्यालाही तेवढी अक्कल होती तर. पण कधी सगळेच परे सडतात, हेही मी पाहिलं आहे.

यंत्र सुरू झालं. मी पुढं उभा राहिलो.

"हटा, काकाजी."

"माह्यावरून ने."

"मंग आत शिरून दाखवा पिल्लू."

"शिरलो तर आपलाच पाय पडन त्याच्यावर."

ड्रायव्हर वरून ओरडला, "बाबूजी, डीज़ल जल रहा है!"

तेवढ्यात सून कार्ड लावलेला लॅपटॉप घेऊन धावत आली. उन्हात काही दिसेना, तेव्हा ड्रायव्हरनं खाली उतरून पडद्यावर गमछा धरला. आधी रंगीत चौकोन फुटत गेले. मग चित्र स्वच्छ झालं. आईच्या पायाजवळ तांबूस मान, उघडा डोळा.

"है. बैठा है," ड्रायव्हर म्हणाला.

शेजाऱ्यानं पडद्याजवळ तोंड नेलं. मग हळूच म्हणाला, "हे सकाळचं हाय. आता कुठं असन?"

ते कार्डात नव्हतं. सारस पाण्याजवळ राहतो, म्हणून मी नहराकडचा, म्हणजे कालव्याजवळचा, कोपरा दाखवला. "तेवढा सोड. मी विळ्यानं कापून देतो."

यंत्र फिरू लागलं. प्रत्येक पट्ट्यामागून मी तणसात, कापून पडलेल्या पेंढ्यात, पाहत चालत होतो. सारसांची जोडी धुऱ्यावर ओरडत होती. कोपरा जवळ आला आणि अचानक यंत्र थांबलं. ड्रायव्हर हातानं खुणावत होता. पात्यापुढं धान हललं, पिल्लू उठलं आणि आईकडं पळालं. मी दाखवलेल्या कोपऱ्याच्या पुष्कळ अलीकडं.

"काकाजी, तुमचा कोपरा चुकला," शेजारी म्हणाला.

"पिल्लू सरकलं," मी म्हणालो. "कोपरा बरोबर हाय."