महानंदाचं भाषांतर

फोन आला तेव्हा मी नांदेडला वजिराबादच्या चौकात एका ऑटोवाल्याशी भांडत होते. त्यानं सरळ रस्ता सोडून उगाच गोल फिरवून आणलं होतं. फोन लातूरहून, शिवअप्पांचा, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या, महानंदाच्या धाकट्या भावाचा. मी म्हटलं, "अप्पा, थांबा जरा, याला आधी बघते." तर ते म्हणाले, "ताई, अक्का गेली." मला वाटलं गावाला गेली. "कुठं गेली?" असं मी चक्क विचारलं... मग त्यांनी सगळं सांगितलं. सकाळचा चहा झाला, ट्रेनिंगच्या पोरींना द्यायचे कागद पिशवीत भरता भरता ती खाली बसली, ती उठलीच नाही. हृदय. साठीसुद्धा गाठली नव्हती. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. मला दाखवल्याशिवाय जी बाई साधी साडी घ्यायची नाही, ती हे एवढं मोठं काम परस्पर उरकून मोकळी झाली!

उदगीरला त्यांच्या शेतात लिंगायत रीतीनं तिला समाधी दिली. कपाळाला भस्म लावून बसवलेली महानंदा अशी दिसत होती की आता मान वर करून कुणाला तरी काही विचारेल. आणि गर्दी तरी किती! उमरीच्या सिस्टर, देगलूरच्या आशाताई, अहमदपूरच्या लॅबमधल्या बाया... शिवअप्पा चक्रावून मला म्हणाले, "ताई, ह्या समद्या कोण हायत?" त्यांचीही काही चूक नाही. ते जन्मभर पाहुण्यांना सांगत आले की आमची अक्का दवाखान्यात फॉर्म भरती. मी म्हटलं, "अप्पा, ह्या समद्या संशोधक हायत. तुमच्या अक्कानं केल्यात." त्यांना त्या दिवशी नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसलेय.

नांदेडच्या ज्या दवाखान्यात मी सिस्टर आहे, तिथं महानंदा बिरादार समाजसेविका होती. आधी मराठीत एम.ए., मग समाजकार्याची पदवी. रोग्यांना योजनेचे कागद जमवून देणं, नातेवाइकांची समजूत काढणं हे तिचं काम, आणि वरून संशोधनाचे फॉर्म. मोठ्या शहरातले डॉक्टर अभ्यास काढायचे. निधी त्यांना मिळायचा, शिक्षण त्यांच्या हाताखालच्यांना मिळायचं, आणि फॉर्मांचा गठ्ठा तेवढा आमच्याकडं यायचा. आम्ही विचारायचं, खुणा करायच्या, गठ्ठा परत धाडायचा. पुढं त्याचं काय झालं हे कुणी कळवायचंसुद्धा नाही. माझ्या नाकावर राग कायमचाच, मी लई चिडायचे. ती शांतपणे तांबडा पेन काढून फॉर्मातलं मराठी तपासत बसायची.

मधुमेहाच्या एका अभ्यासात प्रश्न होता, 'आपल्या पायांची संवेदना कमी झाली आहे का?' प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, पदरचं काही घालायचं नाही, असा वर सक्त नियम. उमरीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या गोदाबाईंना महानंदानं तो वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "न्हाई माय, देवाच्या दयेनं समदं चांगलं हाय." महानंदानं 'नाही'वर खूण केली. मी ड्रेसिंगसाठी त्यांचा पाय वर घेतला तर तळव्यात चपलेचा खिळा! किती दिवसांचा कोण जाणे, आत सगळं सडलेलं, आणि बाईला पत्ता नाही. महिन्याच्या आत पाय गुडघ्याखालून काढावा लागला. महानंदाला दोन दिवस धड घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "शोभे, बाई खोटं बोलली न्हाई. खोटा आपला प्रश्न होता."

तेव्हापासून फॉर्म भरून झाला की ती पेन खाली ठेवायची आणि रोग्याशी गप्पा मारायची. "मावशी, चालता चालता चप्पल निसटली तर कळतं का?" "कुठलं कळतंय! परवा घरी येऊन बघते तर एकाच पायात चप्पल." "फरशी गार लागती का?" "कापसावर चालल्यावानी वाटतं का?" असे नऊ प्रश्न तिनं रोग्यांच्याच तोंडून उचलून वहीत उतरवले. शहरातल्या डॉक्टरांना कळवलं, तर उत्तर आलं की फॉर्म बदलता येणार नाही. मग तिच्या मनानं घेतलं की आपणच अभ्यास करायचा. हे नऊ प्रश्न पाय जायच्या आधी आजार पकडतात, हे दाखवून द्यायचं, आणि तेही स्वतःच्या नावावर. पण त्याला निधी लागतो, आणि अभ्यास कसा करायचा हे शिकवणारं कुणीतरी लागतं. नांदेडच्या समाजसेविकेला हे दोन्ही कोण देणार?

एके दिवशी ती हातात कागद नाचवत वॉर्डात आली. "शोभे, भाषांतराची फेलोशिप निघाली! वैद्यकीय भाषांतराची!" कागदावर इंग्रजीत मथळा होता, 'क्लिनिकल अँड ट्रान्सलेशनल रिसर्च'. आता ट्रान्सलेशन म्हणजे भाषांतर, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. मी म्हटलं, "मग ही तुझ्यासाठीच काढली की ग बाई!" लहान गावांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वर्षभर शिक्षण, दरमहा विद्यावेतन आणि स्वतःच्या अभ्यासासाठी निधी, असं सगळं त्यात होतं. तिनं आठ दिवस बसून अर्ज लिहिला. मेडिसिनचे आमचे मुळे सर, अगदी सज्जन माणूस पण कायम घाईत. त्यांनी मार्गदर्शक म्हणून न वाचताच सही ठोकली. पुढं पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि निघायच्या आदल्या दुपारी सरांनी अर्ज पहिल्यांदा वाचला. "अहो बिरादारबाई, ट्रान्सलेशनल म्हणजे भाषांतर नव्हे हो! प्रयोगशाळेत लागलेला शोध रोग्याच्या खाटेपर्यंत आणायचा, त्याला म्हणतात ते!"

तिनं घरी जाऊन भरलेली पिशवी उपसली. "मी न्हाई जाणार. एम.ए. झालेली बाई, अन् एवढं कळंना म्हणून पुण्यात हसं होईल माझं." मी तिच्या पिशवीत साडी कोंबली. म्हटलं, "हसले तर हसू दे. दात काय त्यांना एकट्यांनाच दिलेत का देवानं?" आणि रजा टाकून मी स्वतः तिच्याबरोबर गाडीत बसले, नाहीतर ही परभणीला उतरून परत आली असती.

मुलाखतीच्या वेळी मी बाहेर बाकावर होते. आत काय झालं ते तिनं मला नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मीच आत होते असं मला वाटतं. जाऊन बसल्या बसल्या तिनं सांगून टाकलं, "साहेब, मी भाषांतर समजून अर्ज केला. चुकलं माझं." सगळे हसले. तिनं हसू दिलं. मग म्हणाली, "पण तुमचा शोध खाटेपर्यंत आला, अन् खाटेवरच्या बाईला तुमचा प्रश्नच कळला न्हाई, तर तो पोचला का?" मग संख्याशास्त्राचे एक सर तिच्या मागंच लागले. रोगी किती घेणार? तुलना कशाशी करणार? तुमचे प्रश्न बरोबर, हे कशावरून ठरवणार? ती म्हणाली, "मला येत न्हाई." "मग अभ्यास कसा करणार?" तर माझी पठ्ठी म्हणते, "ते शिकायलाच तर आले ना साहेब. येत असतं तर फेलोशिप कशाला मागितली असती?" घामानं डबडबलेली बाहेर आली ती "गेली ग हातची" असंच म्हणत आली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. निवड! मी आनंदाच्या भरात वॉर्डात पेढे वाटले, आणि मधुमेहाच्या वॉर्डात पेढे वाटले म्हणून मेट्रननं मला सगळ्यांसमोर झापलं. झापू दे. तो बोलणी खाण्यातला माझा सर्वांत गोड दिवस होता.

ते वर्ष काही सोपं गेलं नाही. तिच्या वर्गात सगळी तरुण मंडळी, आणि ही पन्नाशीची. संख्याशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत तिची चक्क दांडी उडाली. "शोभे, डोकं फिरून राहिलंय माझं," म्हणून फोनवर रडली. दुसऱ्या वेळी पास झाली. मग तिचे नऊ प्रश्न नैतिकता समितीकडं गेले, तर शेरा आला, 'भाषा ग्राम्य आहे, प्रमाण मराठीत लिहावे.' महानंदा चिडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. म्हणाली, "माझ्या गोदाबाईंचा पाय प्रमाण मराठीनं खाल्ला." तिनं समितीला दोन पानी उत्तर धाडलं, आणि ते मात्र इतक्या शुद्ध, जड मराठीत की मुळे सरांनी माझ्याकडं शब्दकोश मागितला. प्रश्न होते तसे मंजूर झाले, एक काना इकडचा तिकडे न होता.

अभ्यास उमरीला केला, बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं आपसूक येतात. एका खोलीत ती प्रश्न विचारायची. दुसऱ्या खोलीत मुळे सर रोग्याच्या तळव्याला बारीक दोरा टेकवून, कंप पावणारा धातूचा काटा लावून पायाला जाण उरलीय का ते तपासायचे. हिला काय सापडलं ते सरांना कळू द्यायचं नाही, सरांना काय सापडलं ते हिला. मी दोघांच्या मधे रांग सांभाळायला. ती इतकी कडक, की "चहात साखर किती घालू?" विचारलं तरी "गुप्त हाय" म्हणायची. शेवटी सगळं उघडून जुळवलं, तेव्हा बहुतेक ठिकाणी तिचे प्रश्न आणि सरांचा काटा एकच सांगत होते. शहरातल्या फॉर्मानं 'काही नाही' म्हणून सोडलेली माणसं तिच्या चपलेच्या प्रश्नानं पकडली होती, आणि वेळेत पकडली होती. चालत घरी गेली ती माणसं! लेख छापून आला. पहिलंच नाव, बिरादार म. तिनं त्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चला, फॉर्मच्या वर आलं एकदाचं नाव." मी भर वॉर्डात तिला मिठी मारली. रोगी टाळ्या वाजवायला लागले, कशाबद्दल ते त्यांना ठाऊक नसताना.

एवढ्यावर थांबेल ती महानंदा कसली? पुढचा निधी तिनं स्वतःच्या अभ्यासासाठी मागितलाच नाही. लहान गावांतल्या सिस्टर, आशाताई, लॅबवाल्या यांना संशोधन शिकवायचं केंद्र मागितलं, लातूरला. अट तिची एकच होती, अर्ज मराठीतही चालला पाहिजे. मिळालं! नोकरी सोडून ती लातूरला गेली आणि मग आम्हा सगळ्यांच्या मानगुटीवरच बसली. लोक फोनवर "जेवलीस का?" विचारतात, ही "अर्ज केलास का?" विचारायची. मला तर दर रविवारी. मी म्हणायचे, "महानंदे, निवृत्तीला चार वर्षं राहिली माझी, आता कसलं संशोधन?" ती म्हणायची, "बरं. पुढच्या रविवारी परत विचारते." मी फोन ठेवून दहा मिनिटं तिच्यावर चरफडायचे... आता रविवारी फोन हातात घेऊन बसते आणि चरफडायला कुणी नाही.

ती गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात शिवअप्पांबरोबर केंद्रातल्या तिच्या खोलीतलं सामान आणायला गेले. सामान ते काय, एक शाल, जेवणाचा डबा, लिंगपूजेची छोटी पेटी. पण समोरची अख्खी भिंत फळ्याची. त्यावर तिच्या हातानं एकेकीचं नाव, गाव आणि तिचा प्रश्न लिहिलेला. सुनंदा, देगलूर: लोहाच्या गोळ्या बायका घरी नेऊन टाकून का देतात? रेहाना, उदगीर: क्षयाचं औषध दोन महिन्यांनी का सुटतं? कुणापुढं 'निधी मिळाला', कुणापुढं 'छापून आलं'. शिवअप्पा चष्मा लावून एकेक ओळ मोठ्यानं वाचत होते, देवळात पाटीवरची देणगीदारांची नावं वाचावीत तसं. अगदी खालच्या ओळीशी ते थांबले. "ताई, हे तुमचं नाव हाय."

शोभा कदम, नांदेड: फ्रीज नसलेल्या घरात मडक्यात ठेवलेलं इन्सुलिन उन्हाळ्यात टिकतं का? हे मी कधीतरी चहा पिताना वैतागून बडबडले होते. मला तो प्रश्न वाटलाच नव्हता, कटकट वाटली होती. तिनं माझ्या कटकटीतला प्रश्न उचलून माझ्या नावापुढं मांडून ठेवला होता, आणि पुढं दोनच शब्द, 'अर्ज बाकी'. तिथं मात्र माझा बांध फुटला. शिवअप्पांनी पाणी आणून दिलं, तरी मी रडत राहिले.

पोरींनी ठरवलंय, फळा पुसायचा नाही आणि केंद्रही बंद पडू द्यायचं नाही. पुढच्या तुकडीचं शिकवणं त्यांनी आपापसात वाटूनही घेतलंय. मी बारा दिवस खपून अर्ज लिहिला, मराठीत, वय अगदी खरं घालून. 'प्रमुख संशोधक' या रकान्यात माझं स्वतःचं नाव लिहिलं. गेल्या सोमवारी लातूरला गेले, त्या खोलीत खडू घेतला, 'बाकी' तेवढं पुसलं, आणि त्या जागी लिहिलं, 'गेला'.