तार नसलेलं घर

मोरिवाकी-सान कसे आहेत असं कुणी विचारलं, की मी त्यांच्या छतावरच्या आठ सोलर पॅनेलांपासून सुरुवात करते. खरं तर माझ्या कोठारातल्या प्लगापासून करायला हवी. पण एकाहत्तर वर्षांच्या बाईलासुद्धा स्वतःच्या चुकीकडे सरळ चालत जाता येत नाही, जरा वळसा घालावा लागतो. तेव्हा आधी पॅनेलच.

ते आमच्या वस्तीत आले तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. नागानोच्या उत्तरेला, डोंगराच्या पोटात आमची अकरा घरं. त्यांतलं माझ्या शेजारचं बंद पडलेलं घर त्यांनी घेतलं. त्याआधी एकतीस वर्षं ते योकोहामात लिफ्ट दुरुस्त करत होते. मोठ्या भूकंपाच्या दिवशी शहरातल्या लिफ्ट जिथल्या तिथे थांबल्या, आणि हे हत्यारांची पिशवी घेऊन पायी पायी एकेक दार उघडत फिरले. सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये एक बाई अडकली होती. तिच्यापर्यंत पोचायला त्यांना नऊ तास लागले. दार उघडलं तर बाई पर्स पोटाशी धरून अंधारात बसलेली. तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं, की ज्या तारेचं दुसरं टोक परक्याच्या हातात आहे तिच्या भरवशावर जगायचं नाही.

मग आले इथे. पॅनेल लावली, गोदामांत माल उचलणाऱ्या गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या भंगारातून आणून त्यांना नवं पाणी पाजलं, आणि एके दिवशी वीज कंपनीला कळवून खांबावरची तार काढून टाकायला लावली. कंपनीचा माणूस तीनदा म्हणाला, नक्की ना? हे तीनदा वाकून हो म्हणाले. त्या दिवशी त्यांनी इंटरनेटवर एक पान सुरू केलं. नाव ठेवलं ‘तार नसलेलं घर’. वर मोठ्या आकड्यात, तार काढल्याला किती दिवस झाले ते.

त्या पानावर काय नव्हतं? पॅनेल कोणत्या कोनात ठेवावं, बॅटरीचं पाणी कधी बघावं, लाकडाची शेगडी कशी बांधावी, मुळ्याचं लोणचं, सोयाबीन आंबवून केलेला मिसो, अगदी संडासच्या खताचीसुद्धा चित्रं. मी त्यांना म्हटलं, एवढं फुकट सांगता, तर निदान संडासचं तरी गुपित ठेवा. ते कानापर्यंत लाल झाले. बोलणं बेताचंच, पण लिहायला बसले की थांबत नसत. देशभरातून लोक विचारत आणि ते प्रत्येकाला उत्तर देत, कुणाला चित्र काढून, कुणाला आकडेमोड करून. आमच्या वस्तीतला एकही रेडिओ, एकही पंप त्यांच्या हाताखालून गेला नाही असा नाही. माणूस सोन्यासारखा, हे मी आजही म्हणते. ते सोनं मीच डागाळलं.

पहिला हिवाळा निभला. दुसऱ्या हिवाळ्यात नऊ दिवस बर्फ थांबला नाही. नवव्या दिवशी त्यांच्या धुराड्यातून धूर दिसेना म्हणून मी फावडं घेऊन वाट काढत गेले. बघते तर हे तीन गोधड्यांखाली तापानं फणफणलेले, बॅटऱ्या रिकाम्या, नळ फुटलेला. आमच्याकडे थंडीत नळांना विजेची गरम पट्टी गुंडाळावी लागते, नाहीतर आतलं पाणी गोठून नळ फाटतो. ती पट्टी रात्रंदिवस वीज खाते, आणि बर्फाखाली झाकलेलं पॅनेल तेवढी वीज आणणार कुठून? मी एक शब्द न विचारता कोठारातली नारिंगी केबल काढली, चाळीस मीटरची, आणि माझ्या प्लगात एक टोक खोचून दुसरं त्यांच्या घरात नेलं. नळाची पट्टी, पंप, एक छोटा हीटर. ताप उतरेपर्यंतच, असं ते म्हणाले. बरं बरं, मी म्हटलं.

पुढच्या डिसेंबरात त्यांनी मागितलं नाही. पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा मीच जाऊन टोक खोचून आले. त्याच्या पुढच्या वर्षीही. असे पाच हिवाळे. आम्ही दोघं त्यावर कधी अवाक्षर बोललो नाही. वसंतात केबल गुंडाळलेली माझ्या कोठाराच्या दाराशी येई. सोबत बांबूचे पहिले कोंब, आणि माझं पावसाचं पन्हाळं न सांगता दुरुस्त झालेलं असे.

वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. बर्फ उपसणारं यंत्र चालवणारा ओगिसो माझ्या फाटकाशी आला की पातं अलगद उचलून घेई. वस्तीची सूचनापाटी घरोघर फिरवणाऱ्या बायका तिथे पाऊल जरा लांब टाकत आणि गप्पा मात्र हवेच्या मारत. पाच हिवाळ्यांत एकाच्याही तोंडून ‘केबल’ हा शब्द निघाला नाही. माणसाचा अब्रूचा कोपरा दिसला की नजर दुसरीकडे वळवायची, हे आम्हाला बोलायला लागायच्या आधी शिकवतात. त्याचा मला अभिमान होता. त्या पानावरचा आकडा मी रोज सकाळी फोनवर बघायची आणि मनाशी हसायची. आकडा एकदाही मागे गेला नाही.

मग पाचव्या हिवाळ्यानंतरच्या ऑक्टोबरात हिरूमा सायोको आली. चाळिशीची, यामागाताहून, हातात जाडजूड वही. म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहत होती. दोघांनी मोरिवाकी-सानचं पान पहिल्या ओळीपासून वाचलेलं, पॅनेल लावून झालेली, फक्त तार काढायची राहिली होती. तिकडे बर्फ आमच्यापेक्षा जास्त. म्हणून मुद्दाम स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आली होती. शहाणी बाई. दिवसभर तिनं बॅटऱ्या बघितल्या, मोजमापं घेतली, वहीत उतरवली. संध्याकाळी तिनं त्यांना विचारलं, हिवाळ्यात खरंच भागतं का? मी कुंपणापलीकडे कांद्याची पात उपटत होते, मला स्पष्ट ऐकू आलं. मोरिवाकी-सान बराच वेळ बॅटरीचं झाकण पुसत राहिले. मग म्हणाले, “रोज सकाळी पॅनेलवरचा बर्फ झाडला, की भागतं.”

निघताना ती माझ्याकडे आली. मी चहा दिला, लोणचं दिलं. तिनं वही मिटली आणि विचारलं, “किनुयो-सान, तुम्ही तर अगदी लागून राहता. हिवाळाभर त्यांच्याकडे दिवे असतात?”

मी म्हटलं, “असतात ना. माझ्या स्वयंपाकघरातून दिसतात. रात्री दहापर्यंत पुस्तक वाचत बसलेले असतात.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. किती सफाईनं बोलले मी. तिच्या पाठीमागे कोठाराच्या भिंतीवर ती नारिंगी केबल गुंडाळून टांगलेली होती. तिनं मान वळवली असती तर दिसली असती. मला त्या क्षणी एवढंच दिसलं की बाहेरची बाई आली आहे, आणि आपल्या शेजाऱ्याचं नाव राखायचं आहे. तिच्या घरी एक म्हातारा आहे हे तिनं मला सांगितलं होतं. ते मी ऐकलं होतं, पण मनात घेतलं नव्हतं. तिचा चेहरा उजळला. तिनं दोनदा वाकून आभार मानले. नोव्हेंबरात तिनं तार काढल्याचं मोरिवाकी-सानच्या पानावर कळवलं, आणि खाली लोकांनी अभिनंदनांचा पाऊस पाडला. मीही एक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं इंटरनेटवरचं ते पहिलंच लिखाण.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी मोरिवाकी-सान माझ्या दाराशी आले. बूट काढले नाहीत, वर आले नाहीत, तिथेच पायरीवर बसले. हातात पाच किलो तांदळाची पिशवी आणि एक पत्र. मी वाचा म्हणाले नव्हते, तरी त्यांनी वाचून दाखवलं.

सायोकोनं माफी मागितली होती. जानेवारीत त्यांच्याकडे सहा दिवस सलग बर्फ पडला. बॅटऱ्या संपल्या, नळ फुटले. सहाव्या सकाळी ती पाणी आणायला गेलेली असताना वडील पॅनेल झाडायला छतावर चढले आणि घसरले. ती परत येईपर्यंत बर्फात पडून होते. कंबर मोडली आहे, आता चालता येणार नाही म्हणतात. तुमच्याकडे इतके हिवाळे निभले ते आमच्याकडे निभले नाहीत, म्हणजे कमी आमच्यातच होती. तुमच्या शिकवण्याला आमच्यामुळे बट्टा लागला. बाबा रोज म्हणतात, गुरुजींना कळव, झाडायला मलाच उशीर झाला. हा तांदूळ त्यांनी स्वतः लावलेला आहे, शेवटचा.

‘शेवटचा’ या शब्दाशी ते थांबले आणि पुढचं वाचेनात. बाहेर, आम्हा दोघांच्या घरांमध्ये, ती केबल त्या वेळीही बर्फाखालून चालू होती.

“मी सगळं लिहितो,” ते म्हणाले. “आजच.”

मला राग आला. अपराधी वाटलं की मला आधी रागच येतो. मी म्हटलं, “आता लिहून त्या म्हाताऱ्याचे पाय परत येणार आहेत का? लिहायचं होतं तर पाच वर्षांपूर्वी लिहायचं.”

त्यांनी मान हलवली. मग हलकेच म्हणाले, “तुमचं नाव घालणार नाही.”

आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना माझा हात अडतो, पण वाटलं. एक माणूस माझ्या पायरीवर बसून आतून फाटत होता, आणि मला हायसं वाटत होतं. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

त्यांनी लिहिलं. आकडा शून्यावर आणला आणि खाली केबल, नळाची पट्टी, सहा हिवाळे, ऑक्टोबरातलं सायोकोला दिलेलं उत्तर, सगळं एकापाठोपाठ. कुठेही स्वतःची बाजू मांडली नाही. माझ्याबद्दल एकच वाक्य होतं: एका शेजारणीनं दयेपोटी वीज दिली. दयेपोटी. काहींनी त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. पण बहुतेकांनी लिहिलं, केवढा हा प्रामाणिकपणा, तुम्ही खरे गुरुजी. त्या स्तुतीनं ते शिव्यांपेक्षा जास्त खचले. मग बॅग भरून यामागाताला गेले. तीन दिवस इस्पितळात त्या म्हाताऱ्याच्या खाटेजवळ बसले. म्हाताराच त्यांची समजूत घालत होता, असं आल्यावर म्हणाले, आणि मी दिलेलं सूप पुढ्यात तसंच ठेवून घरी गेले. एप्रिलात खांबावरून त्यांच्या घरात पुन्हा तार आली. पान अजून आहे. आता तिथे फक्त हिवाळ्याबद्दल लिहिलेलं असतं, काय काय बंद पडू शकतं त्याबद्दल.

माझं मला वाटलं, सुटले. वस्तीत कुणी विषय काढला नाही, काढणारही नव्हतं. ओगिसो तर माझ्याशी आणखीच अदबीनं बोलू लागला.

जूनमध्ये फोन वाजला. दुपारचं जेवण नुकतंच उरकलं होतं. सायोको होती. आवाज ओळखायला मला वेळ लागला, इतका कोरडा. तिनं हवापाण्याबद्दल काही विचारलं नाही, तिथेच मी समजले.

“ती शेजारीण तुम्ही ना?”

“हो.”

“ऑक्टोबरात मी तुमच्याकडे चहा घेतला तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “मोरिवाकी-सान स्वतःच्या घराबद्दल कमी-जास्त सांगतील, हे मी धरूनच आले होते. त्यांच्या आयुष्याचंच ते काम. म्हणून तर जाताना तुमच्याकडे आले. दिवसभर कुंपणापलीकडून तुमचं बोलणं ऐकत होते मी. त्यांना ओरडत होतात, टपालवाल्याला ओरडत होतात, मांजराला ओरडत होतात. मला वाटलं, ही बाई कुणाची भीडभाड ठेवायची नाही. हिला विचारावं.”

जन्मभर ज्याला त्याला तोंडावर बोलले, त्याचंच मला कौतुक. आणि जिथे एकच वाक्य बोलायचं होतं, ‘बाई गं, तार काढू नकोस’, तिथे मी सभ्य झाले. माफ करा म्हणावं, तर तो शब्द आम्ही दुकानातून निघताना आणि दार लावतानासुद्धा वापरतो. त्यात काय उरलंय? मी शेवटी विचारलं, “वडील कसे आहेत?”

“घरी आणलंय,” ती म्हणाली. “दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. आता वेळ झालीच आहे. ठेवते.”

तिनं फोन ठेवला. मी घड्याळाकडे बघितलं तर दीड वाजला होता. साडेतीनला पुन्हा बघितलं. मग साडेपाचला.